ईमेलने गेलेला पॅच: मुंबईचा मोडेम, पुण्याचा कोड आणि आपल्या हातातला फोन

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा बसमध्ये रेंज गेली, त्यांच्यासाठी हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

आत्ता तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. कर्नल म्हणजे सगळ्या ॲपच्या खाली बसलेला प्रोग्राम. बॅटरी, मेमरी, कॅमेरा, नेटवर्क यांच्याशी प्रत्यक्ष बोलणारा तोच. या कर्नलचा कोड कुणालाही वाचायला मोकळा आहे. त्यात डीबग_कोर.सी नावाची एक फाइल आहे. त्या फाइलच्या माथ्यावर, हे काम कुणाकुणाचं, याची यादी लिहिली आहे. त्या यादीत एक नाव आहे: अमित एस. काळे, २००३-२००४. त्याच यादीत आणखी खाली पुण्याच्या एका कंपनीचं नाव आहे: लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज.

कोडचा तो भाग तुमच्या फोनमध्ये चालू ठेवलेला असेलच असं नाही. तो इंजिनिअर लोकांनी चुका शोधायला वापरायचा भाग आहे. पण जगभर जो लिनक्सचा कोड वाटला जातो, त्यात ही फाइल आहे आणि तिच्यावर हे नाव आहे.

आता प्रश्न असा, की पुण्यातल्या माणसाचं नाव तिथे पोचलं कसं? त्यासाठी कुणी अमेरिकेच्या ऑफिसात जाऊन बसलं नाही, कुठल्या वेबसाइटवर फॉर्मही भरला नाही. कोड गेला ईमेलने. साध्या अक्षरांच्या ईमेलने, ज्यात ना फोटो, ना रंग, ना अटॅचमेंट. आणि ते काम मुख्य लिनक्समध्ये शिरायला २००८ साल उजाडावं लागलं.

आजचा भाग त्या ईमेलच्या इतिहासाचा. सुरुवात करू एसटी स्टँडवरून.

पाटी बदलायची तर

समजा, एसटी स्टँडवर वेळापत्रकाची मोठी पाटी आहे. चाळीस ओळी. त्यात धुळ्याची एक गाडी साडेसहाऐवजी पावणेसातला सुटणार आहे. ही एक दुरुस्ती तुम्हाला दुसऱ्या गावच्या पेंटरला कळवायची आहे. तुम्ही काय कराल? चाळीसच्या चाळीस ओळी परत लिहून पाठवाल?

नाही. तुम्ही लिहाल: नवापूरच्या ओळीच्या खाली आणि नाशिकच्या ओळीच्या वर जी ओळ आहे ना, ती काढा: ‘धुळे ६:३०’. तिच्या जागी ही घाला: ‘धुळे ६:४५’.

झालं. हाच पॅच. काढायच्या ओळीच्या आधी वजाचं चिन्ह, घालायच्या ओळीच्या आधी अधिकचं चिन्ह, आणि जागा चुकू नये म्हणून वरच्या-खालच्या दोन-तीन ओळी सोबतीला.

त्या सोबतीच्या ओळी फार कामाच्या असतात, बरं का. मधल्या काळात कुणी पाटीवर वरच्या बाजूला दोन नव्या गाड्या लिहिल्या, तर तुमची ओळ दहाव्या नंबरवरून बाराव्या नंबरवर गेलेली असेल. ‘दहावी ओळ बदला’ असं लिहिलं असतं तर पेंटरने भलतीच ओळ पुसली असती. पण ‘नवापूरच्या खाली, नाशिकच्या वर’ असं लिहिलंय, म्हणून त्याला बरोबर जागा सापडते.

दोन फाइलींमधला फरक काढून देणारा ‘डिफ’ नावाचा प्रोग्राम अमेरिकेत बेल लॅब्समध्ये तयार झाला. १९७४ मध्ये तो युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीसोबत आला. त्यामागे डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट ही माणसं होती. पण फरक काढणं हे अर्धंच काम. तो फरक दुसऱ्याच्या फाइलीवर लावायचा कसा? हे दुसरं अर्धं काम करणारा प्रोग्राम १९८५ च्या मे महिन्यात लॅरी वॉल यांनी सगळ्यांसाठी मोकळा सोडला. नाव ठेवलं ‘पॅच’. हेच लॅरी वॉल, ज्यांनी पुढे १९८७ मध्ये पर्ल ही भाषा आणली.

पॅच येण्याआधी एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती काढायची म्हणजे सगळा कोड परत पाठवायचा. पॅच आल्यावर फक्त फरक पाठवला तरी भागायला लागलं. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हाच्या टेलिफोन लाइनचा विचार करा, म्हणजे कळेल.

मुंबईचा मोडेम

१९८५ मध्ये मुंबईत एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, स्थापन झालं. जुहूला त्याचं ऑफिस. प्रमुख होते डॉ. एस. रमाणी. पुढे २०१४ मध्ये त्यांचं नाव ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं गेलं. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण आणि संशोधनाचं नेटवर्क सुरू केलं. त्यात आठ संस्था होत्या: एनसीएसटी, बंगळूरची आयआयएससी, पाच आयआयटी आणि दिल्लीतला खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग. त्या पाच आयआयटींमध्ये पवईची आयआयटी मुंबई होतीच.

या संस्थांचा सुरुवातीचा पत्रव्यवहार चालायचा तो साध्या टेलिफोन लाइनला मोडेम जोडून. पद्धतीचं नाव होतं यूयूसीपी. ती आपल्या टपालासारखीच. संगणक दिवसभर पत्रं जमा करून ठेवायचा. मग ठरलेल्या वेळी दुसऱ्या संगणकाला फोन लावायचा, जमलेली पत्रं द्यायची, त्याच्याकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. पुढचा संगणक ती पत्रं आणखी पुढे द्यायचा. साक्रीचं पत्र धुळ्याला, धुळ्याचं मुंबईला, तसंच.

१९८९ मध्ये एनसीएसटीकडून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत कायमची लाइन मिळाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. हा आकडा जरा समजून घ्या. आज फोनने काढलेला एक फोटो साधारण चार एमबीचा असतो. त्या लाइनवर एकटा तुमचा फोटो जायला जवळजवळ एक तास लागला असता, आणि तीच लाइन सगळ्यांना मिळून वापरायची होती. पण तीन-चार केबीचा पॅच? चार सेकंदांचं काम.

म्हणून सांगतो, ईमेलने पॅच पाठवायची पद्धत कुणी हौस म्हणून काढली नाही. लाइन बारीक, संगणक थोडे, टेलिफोनचं बिल मोठं. अशा वेळी कमीत कमी अक्षरांत पूर्ण काम कसं होईल, यातून ती आली. ज्यांच्याकडे साधनं कमी त्यांनाही परवडेल अशीच ती पहिल्यापासून होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्यावरच यायचंय.

सर्वसामान्य माणसाला भारतात इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने सुरू केलं तेव्हा. स्वस्तातलं कनेक्शन घेतलं तर पडद्यावर फक्त अक्षरं दिसायची. त्याला ‘शेल अकाउंट’ म्हणायचे. चित्रं नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, पाइन नावाच्या प्रोग्राममध्ये ईमेल वाचायचं, उत्तर लिहायचं. आपल्याला आज कमांड लाइन म्हटलं की सिनेमातला हॅकर आठवतो. त्या पिढीला ती रोजची होती.

लिनसची पेटी

इकडे २५ ऑगस्ट १९९१ ला फिनलंडच्या हेलसिंकीमधल्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, जाहीर केलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. तेच लिनक्स. जगभरातून लोकांनी दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. पाठवायच्या कशा? अर्थातच ईमेलने, पॅच करून.

भारतात हा कोड पोचला तो मुख्यतः सीडीने. १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. त्यामागे बंगळूरचे अतुल चिटणीस यांचा मोठा हात होता. पुण्यात आणि मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट तयार झाले. महिन्यातून एकदा जमायचं, एकमेकांच्या मशीनवर लिनक्स चढवायचं. बारीक लाइनवर एवढा मोठा कोड उतरवणं अवघड होतं. सीडी मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायची. म्हणजे गंमत बघा: कोड येताना सीडीवर यायचा आणि दुरुस्ती जाताना ईमेलने जायची. येणारं ओझं मोठं, जाणारी चिठ्ठी लहान.

पण त्या चिठ्ठ्या जिथे जमायच्या ती पेटी एकाच माणसाची होती. २००२ पर्यंत लिनस आलेले पॅच स्वतः वाचून स्वतःच लावायचा. बरेच पॅच नुसतेच हरवायचे. ‘नको’ असंही उत्तर यायचं नाही. पाठवणाऱ्याने समजून घ्यायचं आणि पुन्हा पाठवायचं. १९९८ मध्ये यावरून भांडण झालं, २००२ च्या जानेवारीत पुन्हा झालं. लोक म्हणायला लागले, एक माणूस एवढं टपाल कसं वाचणार?

या अशा काळात पुण्याचा पॅच उभा राहिला.

पुण्याचा पॅच

आता केजीडीबी म्हणजे काय, ते थोडक्यात.

साधा प्रोग्राम बिघडला की तो बंद करून आपण आत काय चाललं होतं ते बघू शकतो. पण कर्नलच बिघडला तर? मशीनच आडवं होतं. ज्याने बघायचं, तोच बेशुद्ध. मग दोन मशीन घ्यायची. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी नावाचा डीबगर. मध्ये सीरियल केबल. पहिल्या मशीनचा कर्नल हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि दुसऱ्या मशीनवर बसून त्याच्या आतला प्रत्येक आकडा बघायचा. डॉक्टर बाहेर, पेशंट आत, मध्ये नळी. याचं नाव केजीडीबी.

ही कल्पना काळ्यांची एकट्याची नव्हती. लिनक्ससाठी केजीडीबीचा मूळ भाग डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रन ऐवाझियन यांचा. तसं त्या फाइलीवरच लिहिलंय. फाइलीच्या माथ्यावर २०००-२००१ साठी व्हेरिटास कंपनीचं नाव आहे. व्हेरिटासचं पुण्यात मोठं केंद्र होतं. पुढे टाइमसिस, मग अमित काळे, मग लिनसिससॉफ्ट. अमित काळे यांनी केजीडीबीचं पान सोर्सफोर्जवर उघडलं आणि कर्नलच्या एकेका आवृत्तीसाठी पॅच काढून लोकांना देत राहिले. जगभरातले कर्नलवर काम करणारे लोक ते पॅच उतरवून वापरत होते.

मग तो मुख्य लिनक्समध्ये का घेतला नाही?

कारण लिनसला कर्नलमध्ये डीबगर नकोच होता. २००० च्या सप्टेंबरमध्ये त्याने हे उघडपणे लिहिलं होतं. त्याचं म्हणणं साधारण असं: डीबगर हाताशी असला की माणूस लक्षण बघून तेवढ्यापुरती मलमपट्टी करतो. डीबगर नसला की त्याला बसून विचार करावा लागतो, कोड नीट वाचावा लागतो. मला विचार करणारी माणसं हवीत. हे पटो न पटो, निर्णय त्याचा होता.

मग पुण्यात बसलेल्या माणसाने करायचं काय? इथे आपली एसटी स्टँडची पाटी परत आठवा. मुख्य लिनक्स सारखा बदलत असतो. महिन्यामहिन्याला हजारो ओळी हलतात. तुमचा पॅच बाहेर राहिला, तर प्रत्येक नव्या आवृत्तीला त्याच्या सोबतीच्या ओळी जुळत नाहीत. ‘नवापूरच्या खाली’ म्हणून बघायला जावं तर नवापूरची ओळच नाही. पॅच लागत नाही. मग बसून पुन्हा जुळवायचं. पुढची आवृत्ती आली की परत तेच. जो पॅच आत गेला त्याची काळजी सगळे मिळून घेतात. जो बाहेर राहिला त्याची काळजी एकट्याने घ्यायची, आणि ती कधी संपत नाही.

काळ्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी हे वर्षानुवर्षं केलं. २००४ च्या आसपास अँड्र्यू मॉर्टन यांच्या ‘एमएम’ या चाचणीच्या आवृत्तीत केजीडीबीला जागा होती. आत आणि बाहेर यांच्या मधली ओसरी म्हणा. अमेरिकेतले टॉम रिनी, चेक प्रजासत्ताकातले पावेल माखेक, जॉर्ज अँझिंगर अशा किती जणांचे हात त्याला लागले. ईमेलवर चर्चा झाल्या: हा तुकडा काढा, तो वेगळा करा, हे नाव बदला, इतकं मोठं नको.

शेवटी २००८ मध्ये विंड रिव्हर कंपनीचे जेसन वेसल आणि हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी त्याला छोटं केलं. कर्नलच्या इतर भागांत फार ढवळाढवळ करणारे तुकडे काढून टाकले. आणि तो आत गेला. १३ जुलै २००८ ला लिनक्स २.६.२६ बाहेर आलं, त्यात केजीडीबी होतं.

म्हणजे ज्या रूपात काळे पाठवत होते, त्या रूपात तो आत गेला नाही. शेवटची चिठ्ठीही पुण्याहून गेली नाही. तरीही माथ्यावर नाव राहिलं. एका माणसाने गड घेतला, अशी ही गोष्ट नाही. एकाने पाया घातला, दुसऱ्याने भिंत चढवली, तिसऱ्याने थोडी पाडून सरळ केली, चौथ्याने छप्पर टाकलं, आणि दारावर सगळ्यांची नावं लिहिली. आणि हे सगळं ज्या पत्रांतून झालं, ती पत्रं आजही कुणालाही वाचता येतात.

सही कुणाची

नाव राहतं, असं मी सारखं म्हणतोय. ते नाव नुसतं मानाचं नसतं, ती जबाबदारीची सही असते. त्याची एक वेगळी गोष्ट आहे.

२००३ च्या मार्चमध्ये एससीओ नावाच्या अमेरिकन कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आरोप असा, की आमच्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घातला गेला. दावा बरीच वर्षं रेंगाळला. पण त्यातून एक प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात बसला: ही ओळ नेमकी कुणी लिहिली आणि ती देण्याचा त्याला हक्क होता का, हे आपण सांगू शकतो का?

२००४ च्या मेमध्ये लिनसने नियम आणला. प्रत्येक पॅचच्या खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असं लिहून नाव आणि ईमेल द्यायचं. अर्थ असा: हे काम माझं आहे, किंवा ते पुढे द्यायचा मला हक्क आहे. पॅच ज्याच्या ज्याच्या हातून पुढे जातो, तो प्रत्येक जण खाली आपली ओळ जोडतो. सरकारी फाइल तलाठ्याकडून तहसीलला, तिथून कलेक्टर ऑफिसला जाताना प्रत्येक टेबलावर शेरा आणि सही पडते ना, तसंच. फरक एवढाच, की ही फाइल कोणत्या टेबलावर आहे ते सगळ्या जगाला दिसतं.

मग २००५ उजाडलं. लिनसचे लोक २००२ पासून बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन फुकटात वापरत होते. २००५ च्या एप्रिलमध्ये ती फुकटची सोय बंद झाली. लिनसने काही दिवसांत स्वतःचं साधन लिहिलं, त्याचं नाव गिट. ७ एप्रिल २००५ ला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला गेला. आज कॉलेजच्या प्रोजेक्टपासून मोठमोठ्या कंपन्यांपर्यंत सगळीकडे हेच गिट चालतं.

पण बरेच जण विसरतात, की गिट पहिल्यापासून ईमेल धरूनच बनलंय. त्यात ‘फॉरमॅट-पॅच’ कमांड आहे, ती तुमच्या बदलाचं ईमेल तयार करते. ‘सेंड-ईमेल’ ते पाठवते. हा भाग २००५ मध्ये रायन अँडरसन यांनी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या जुन्या स्क्रिप्टवरून लिहिला, तोही लॅरी वॉलच्या पर्ल भाषेत. आणि ‘ए-एम’ कमांड समोरच्याकडे आलेलं ईमेल उघडून कोडला लावते. आजही लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात, नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, आणि त्यातले बहुतेक बदल कधी ना कधी ईमेल म्हणून प्रवास केलेले असतात.

साक्रीतून पाठवायचं तर

बरं, इतिहास झाला. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला हे करायचं असेल तर?

लॅपटॉप लागेल, जुना चालेल. त्यावर लिनक्स टाका. इंटरनेट फोनच्या हॉटस्पॉटचं पुरतं. फक्त एक सांभाळा: कर्नलचा कोड पूर्ण इतिहासासकट उतरवला तर काही जीबी जातात. क्लोन करताना ‘डेप्थ १’ सांगितलं, तर फक्त आजचा कोड येतो आणि डेटा खूप वाचतो. हेच एकदाचं जड काम. नंतर जाणारी चिठ्ठी अगदी हलकी.

बदल केला की कमिट करताना त्यात काय केलं यापेक्षा का केलं ते लिहा. इंग्रजीत लिहावं लागतं, पण साध्या, छोट्या वाक्यांत चालतं. बरेच जण इंग्रजी ज्यांची भाषा नाही असेच आहेत. ‘कमिट -एस’ दिलं की सहीची ओळ आपोआप येते. कर्नलसोबतच ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट मिळते. ती मोकळ्या जागा, ओळींची लांबी वगैरे तपासते. ‘गेट_मेंटेनर’ नावाची दुसरी स्क्रिप्ट सांगते की हा पॅच कुणाकडे पाठवायचा. त्यात मेंटेनर आणि त्या विषयाची मेलिंग लिस्ट, दोन्हींचे पत्ते निघतात.

जीमेलच्या वेबपेजवर कॉपी-पेस्ट करून पॅच पाठवू नका. ते टॅबची जागा बिघडवतं, लांब ओळी तोडतं, आणि समोरच्याकडे पॅच लागतच नाही. अटॅचमेंटही नको, कारण तपासणारा माणूस तुमच्याच ओळींच्या मधे-मधे आपलं उत्तर लिहितो. म्हणून तर ‘सेंड-ईमेल’. जीमेलसाठी टू-स्टेप सुरू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि पहिलं ईमेल स्वतःलाच पाठवा. आलेलं ईमेल ‘ए-एम’ने लावून बघा. स्वतःच्याच कोडला लागलं तर दुसऱ्याच्या कोडला लागायची आशा.

उत्तर आलं, ‘हे असं नको, तसं करा’, तर दुरुस्त करून विषयात ‘व्ही२’ लिहून परत पाठवा. व्ही३, व्ही४, व्ही७ सगळं नेहमीचं आहे. दोन आठवडे काहीच आलं नाही, तर नम्रपणे एक आठवण करा.

आता कडू भाग. या पत्रव्यवहारात भाषा कधी कधी फार तिखट असायची. खुद्द लिनसने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या उद्धट ईमेलबद्दल माफी मागून काही दिवस सुट्टी घेतली, आणि वागणुकीचे नियम आले. बरंच सुधारलंय, पण पाठीवरून हात फिरवणारं इथे कुणी नाही. शिवाय सगळं उघड्यावर. तुमचा पहिला कच्चा पॅचही कायम दिसत राहणार.

दुसरं, या दारावर रखवालदार नाही, म्हणून विश्वासच सगळं काही आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम दोष असलेले पॅच पाठवून तपासणी फसते का ते बघितलं. ते उघड झाल्यावर २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या विद्यापीठातून येणारे पॅच बंद केले गेले आणि आधी आलेले पुन्हा तपासायला घेतले. मोठं विद्यापीठ, मोठं नाव, पण विश्वास गेला तर नावाचा उपयोग झाला नाही. म्हणून नुसतं रेझ्युमेत लिहायला, स्पेलिंग इकडचं तिकडे करून पॅच पाठवायच्या भानगडीत पडू नका. तपासणारा माणूस आपला वेळ देतोय.

चिठ्ठीला गाव विचारत नाहीत

आपल्याकडे बारावी झाली की पहिला प्रश्न असतो: नाशिक की पुणे? कोडिंग करायचं म्हणजे गाव सोडायचं, हे जणू ठरलेलंच. नोकरीसाठी ते बऱ्याचदा खरंही आहे, मी खोटं सांगणार नाही. साक्रीत बसून कंपनी मिळत नाही.

पण कामात भाग घ्यायला कंपनी लागते का? केजीडीबीच्या वेळी पुणं हे जगाच्या दृष्टीने आडगावच होतं. कर्नलचे मोठे लोक अमेरिकेत, युरोपात. लाइन बारीक. मुख्य माणूसच विरोधात. तरी चिठ्ठी पोचली, वाचली गेली, नाकारली गेली, पुन्हा गेली. कारण ती पद्धत बारीक लाइनच्या माणसासाठीच बनली होती. ती तुमचं कॉलेज विचारत नाही, फोनचं मॉडेल विचारत नाही, उच्चार ऐकत नाही. ती एवढंच बघते: पॅच लागतो का, आणि तो का हवा ते नीट सांगितलंय का.

त्यानंतरचं मात्र चिकाटीवर आहे. पॅच आत जाईल, किंवा जाणार नाही, किंवा दुसऱ्या कुणाच्या हातून वेगळ्या रूपात जाईल. तुमचं लिहिलेलं मात्र तारखेसकट, नावासकट तिथे राहील, आणि पुढचा माणूस तिथून सुरुवात करेल.

या आठवड्यात एवढं करा: कर्नलचा कोड वेबवर उघडा, त्यात कर्नल नावाचा फोल्डर, त्यात डीबग, आणि त्यात डीबग_कोर.सी. माथ्यावरची यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मग तुमच्या एखाद्या छोट्या प्रोजेक्टमध्ये एक ओळ बदला, ‘फॉरमॅट-पॅच’ करा आणि मित्राला ईमेलने पाठवा. त्याच्याकडे लागला की कळवा. नाही लागला तर तेही कळवा, पुढच्या भागात आपण मिळून बघू कुठे अडलं ते.

तोपर्यंत राम राम!